अठ्ठ्याण्णव सालचा जाळ

३ मार्च, सोमवार

नव्या बोरचा विषय ग्रामसभेत पाच मिनिटांत उरकेल आणि दुपारची गाडी मिळेल असं धरून बसले होते. तालुक्याहून आलेल्या साहेबांनी मागच्या आठवड्यात मारुतीच्या पारापलीकडच्या गायरानात चुन्याची खूण करून ठेवली आहे. ग्रामसेविका म्हणून मला फक्त ठराव लिहायचा होता. सरपंच योगीराज म्हणाले, "सगळ्यांला मंजूर हाय ना?" सगळे मंजूर म्हणाले. तेवढ्यात बायकांमधून तानुबाई उठल्या. वय सत्तरीचं, चण बारीक. बोरटाकळीला येऊन मला सात महिने झाले, पण सभेत त्यांचा आवाज कधी ऐकला नव्हता.

"तिथं नगा पाडू. जाळ तिथंच निघाला व्हता."

मला वाटलं, कुठल्या तरी देवीची गोष्ट असेल. पण सगळी सभा एकदम बोलायला लागली. अठ्ठ्याण्णव साली गावानं त्याच गायरानात बोर पाडला होता. पाण्याबरोबर गॅस उसळला, पेटला आणि अकरा दिवस जळत राहिला. बाहेरून माणसं आली, त्यांनी चिखल आणि सिमेंट ओतून भोक बुजवलं. पुढं गायरानाचं सपाटीकरण झालं आणि जागा हरवली. "नेमकी कुठं?" मी विचारलं. सहा जणांनी सहा दिशांना हात केले.

ठराव तहकूब ठेवला. योगीराज नाराज दिसले, आणि त्यांचंही बरोबर आहे. मेमध्ये गावाला टँकर लागतो.

संध्याकाळी दप्तरातलं कपाट उपसलं. सत्त्याण्णवचं ग्रामसभेचं प्रोसिडिंग आहे, नव्याण्णवचं आहे, मधलं नाही. वाळवीनं खाल्लं असेल.

५ मार्च

तानुबाईंकडे गेले होते. त्या तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. हात थांबवला नाही, तसंच बोलत राहिल्या.

"आधी पानी आलं. ताडाएवढं. पोरं भिजायली, बाया हसायल्या. मंग पान्याचा आवाज बदलला बगा. रेल गावात शिरली असं वाटलं. आन वास. कुजक्या अंड्याचा न्हाई, रॉकेलचा बी न्हाई, कसलाच ओळखीचा न्हाई."

मग आग. अकरा दिवस गावात कुणी कंदील लावला नाही, एवढा उजेड. चिमण्या रात्री चिवचिवायच्या, कोंबड्यांनी अंडी द्यायचं बंद केलं. परभणीहून माणसं टेम्पो करून बघायला यायची आणि कुणीतरी तिथं भज्यांचा गाडा लावला होता. हे सांगताना त्या हसल्या.

"पेट कशानं घेतला?"

"चंद्रभानच्या विडीनं." शेंग सोलताना त्यांनी मान वर केली नाही. "बोरच्या गाडीवर मजूर व्हता. आपल्याच गावचा. त्याचा कान गेला, हात गेला म्हणा. माझ्या बी भुवया जळल्या. दोन महिने भुवयाच न्हवत्या मला."

"म्हणजे तुम्ही इतक्या जवळ होतात?"

"न्हाई ओ, मी घरी व्हते तवा."

म्हातारपणी आठवणी सरमिसळ होतात. असो. जागेबद्दल मात्र एक कामाची गोष्ट त्यांनी सांगितली. गायरानात एक पट्टा आहे, तिथं गवत कधीच नीट येत नाही.

घरी हे सांगितलं तर आमचे म्हणाले, "तुझं काम बोर पाडायचं आहे, इतिहास लिहायचं नाही." खरं आहे. तरी डोक्यातून जात नाही. मी परभणीत वाढले, शाळेत होते तेव्हा. पस्तीस किलोमीटरवर जमिनीतून आगीचा खांब उभा होता आणि मला पत्ताच नव्हता!

७ मार्च

धोंडप्पा अप्पांच्या दुकानात. गावात किराणा एकच, आणि गावातला सगळ्यांत नेमस्त माणूसही तेच. वय त्र्याहत्तर, कपाळावर विभूती, रोजच्या लिंगपूजेशिवाय तोंडात पाणी नाही. गावातल्या कोणत्या घरात कोण कधी जन्मलं हे त्यांना तोंडपाठ असतं, म्हणून मी मोठ्या आशेनं गेले होते.

"मी न्हवतो त्या दिशी," ते म्हणाले. "पूर्णेला गेलो व्हतो, मालाला."

बजरंग, आमचा पंचायतीचा शिपाई, सोबत होता. तो लगेच म्हणाला, "हां, अप्पा पूर्णेला गेले व्हते." म्हणजे दोघांकडून एकच गोष्ट मिळाली. आतापर्यंतच्या सगळ्या बयानांत एवढीच एक जुळली.

सूनबाई महेश्वरीनं चहा आणला. अप्पांनी कप हातात धरला, प्यायले नाहीत. मग विचारलं, "नवा बोर पाडायच्या टायमाला पूजा करनार का तुमी?"

मी म्हटलं, गावाची इच्छा असेल तर करू, माझी काही हरकत नाही.

"न्हाई, सहज इचारलं."

भाविक माणूस. निघताना त्यांनी मला खडीसाखरेची पुडी दिली, घेतल्याशिवाय सोडलं नाही.

१० मार्च

जाळ किती उंच होता? योगीराज (तेव्हा दहा वर्षांचे): मारुतीच्या कळसाच्या तिप्पट. बजरंग: टेलिफोनच्या दोन खांबांएवढा. शाळेतले निवृत्त गुरुजी: चाळीस फूट, सावलीवरून मोजला होता म्हणे. रंगाबद्दलही एकमत नाही. कुणी निळा म्हणतं, कुणी झेंडूसारखा. एक मात्र सगळे सांगतात, की नारळ फोडला होता आणि त्याचे तुकडे वाटायचे राहिले. एवढ्या मोठ्या आगीत लोकांना राहून गेलेला प्रसाद आठवतो याची गंमत वाटते.

आणि विडी. विडीबद्दल तर एकही जण अडखळत नाही. विडी कुणी प्रत्यक्ष पाहिली का, असं मात्र विचारलं की सगळे दुसऱ्याचं नाव सांगतात.

१२ मार्च, बुधवार

चंद्रभान सापडला. परभणी स्टेशनबाहेर रिक्षा चालवतो. मी रोज ज्या रांगेतून रिक्षा धरते त्याच रांगेत, आणि मी बहुधा त्याच्या रिक्षात बसलेही असेन. डावा कान वितळून चिकटल्यासारखा, डाव्या हाताची दोन बोटं सरळ होत नाहीत. बोरटाकळीचं नाव काढल्यावर त्यानं चावी फिरवून रिक्षा बंद केली.

"म्या आजून विडी वढली न्हाई, म्याडम. तवा बी न्हाई, आता बी न्हाई. माझा बाप वढायचा, त्याच्या खोकल्याचा मला लय कंटाळा व्हता."

"मग तुम्ही सांगितलं का नाही?"

"इचारलं कुनी? सात महिने दवाखान्यात व्हतो. भाईर आलो तवर गावानं ठरवून टाकलं व्हतं. माय सांगायची समद्यांला, माझं पोरगं वढत न्हाई. लोक म्हनायचे, मायपुढं कोन वढतंय." तो हसला, पण ते हसू डाव्या बाजूला पोचत नाही. "मंग मी गावाकडं गेलोच न्हाई. माय गेली तवा गेलो, तेवढंच."

त्या दिवसाचं त्यानं फार नीट सांगितलं. पाणी लागलं. वास आला तसं गाडीवाल्यानं इंजिन बंद केलं. चंद्रभान पाइपापाशी होता. "माझ्या पाठीला मारुतीचा पार. डाव्या हाताला नाला. वारं पाराकडं जायलं व्हतं. मागं घंटी वाजायली व्हती. मंग जमिनीवरून काईतरी सरसर आलं, सापावानी, आन उजेडच उजेड."

कसली घंटी हे विचारायचं राहिलं. बैलाची असावी.

उठताना म्हणाला, "धोंडप्पा अप्पा हायेत ना आजून? दर सोमवारी दवाखान्यात यायचे. बोलायचे न्हाईत. नुसते बसायचे घंटाभर. डब्यात पुरनाची पोळी असायची." डोळे पुसले त्यानं. "गावातलं बाकी कुनी फिरकलं न्हाई."

किती मोठ्या मनाचा माणूस! परवा त्यांना सांगायला हवं, चंद्रभाननं आठवण काढली म्हणून.

१५ मार्च, शनिवार

आज सुट्टी होती, तरी गेले. चंद्रभाननं सांगितल्याप्रमाणे पार पाठीशी, नाला डाव्या हाताला अशी उभी राहिले. बजरंग म्हणाला, "म्याडम, तुमी कवायत करायलाव का?" पण पंधरा-वीस पावलं पुढं गेल्यावर तो गप्प झाला. तिथं एक चौकोनी, खरखरीत पट्टा होता. आजूबाजूला वाळकं का होईना गवत, तिथं काहीच नाही.

बजरंगनं बैलगाडीतून पाण्याचं टिपाड आणलं होतं. आम्ही घागरीनं पाणी ओतत गेलो. काळी माती पीत राहिली, पीत राहिली, मग एका ठिकाणी डबकं थांबलं. मी गुडघ्यावर बसून बघत होते. पहिला बुडबुडा मुगाच्या दाण्याएवढा. मग तीन एकदम. मग तांदूळ शिजतो तसं, हळूहळू, एकाच रेषेत.

सत्तावीस वर्षं झाली आणि अजून श्वास चालू आहे!

किती वेळ बघत बसलो कुणास ठाऊक. मग बजरंगनं खिशातून काडेपेटी काढली. "लावून बगू का? उगी एकदा?"

मी त्याचा हात इतक्या जोरात धरला की त्याला लागलं. पण इथं खरं लिहिते: क्षणभर मलाही बघावंसं वाटलं होतं.

साहेबांची चुन्याची खूण तिथून बावीस पावलांवर आहे. मोबाइलवर बुडबुड्यांचा व्हिडिओ काढला आणि रात्रीच तालुक्याला पत्र तयार केलं.

अप्पांना चंद्रभानचा निरोप सांगितला. ते तराजूत डाळ टाकत होते. टाकतच राहिले, पारडं खाली टेकलं, डाळ सांडली. "बरा हाय ना?" एवढंच विचारलं. वय झालं त्यांचं.

२४ मार्च

पत्राचं उत्तर माणसांच्या रूपानंच आलं. दोन साहेब गॅस ओळखणारं यंत्र घेऊन आले, डबक्यावर धरलं आणि एकमेकांकडे बघितलं. खूण रद्द. नवी जागा गावाच्या दुसऱ्या अंगाला, तळ्याच्या वरच्या बाजूला. तिथंही बोर पाडताना यंत्र सोबत राहणार आणि शंभर मीटरच्या आत विस्तव नको, अशी लेखी अट. योगीराजांनी सगळ्यांसमोर मला म्हटलं, "राजेश्रीताई, माझं चुकलं, मी घाई करायलो व्हतो." एवढं मोकळेपणानं कुणी म्हणेल असं वाटलं नव्हतं.

शुक्रवारी गाडी येणार.

२८ मार्च, शुक्रवार

आज जे झालं ते क्रमानं लिहायचा प्रयत्न करते.

सकाळी बोरची गाडी आली. मी बजरंगला वाटेवर उभं केलं होतं. येणाऱ्या प्रत्येक पुरुषाकडून विड्या, काडेपेट्या, लायटर काढून घ्यायचे. पिशवी भरली. मी खूश होते, सगळी व्यवस्था चोख केली म्हणून. साहेबांचं यंत्र गप्प होतं. गाडी चालू करायची वेळ झाली तेव्हा बायका आल्या, पुढं योगीराजांच्या पत्नी अर्पिता, हातात ताट. हळद-कुंकू, नारळ, फुलं, कापूर. कुणीतरी घंटी वाजवायला लागलं.

आणि मी बघत उभी होते. सगळ्या गावाच्या विड्या पिशवीत बांधून, कापराकडं बघत उभी होते, आणि मला काहीही वाटलं नाही.

गर्दीतून धोंडप्पा अप्पा पुढं आले. ते असल्या ठिकाणी कधी येत नाहीत. त्यांनी अर्पिताच्या हातातलं ताट घेतलं, कापराची वडी उचलून मुठीत धरली.

"नारळ फोडा. कापूर लावू नका."

साहेब म्हणाले, "बरोबर आहे, विस्तव नकोच."

"साहेब, तुमाला न्हाई, गावाला सांगायलोय," अप्पा म्हणाले. आवाज मोठा नव्हता, पण गाडीचं इंजिन अजून चालू झालेलं नव्हतं, सगळ्यांना ऐकू गेला. "त्या दिशी मी पूर्णेला न्हवतो. उपसरपंच व्हतो, पूजेचा मान माझा व्हता. पाराच्या अलीकडं थांबून कापूर म्या लावला. वारं समोरून, बोरकडून व्हतं. जाळ माझ्या पायापासून निघाला आन पळत गेला त्या पोराकडं."

योगीराज पुढं झाले. "अप्पा, उन्हात काय बोलायलाव. सावलीत बसा बरं."

"बसतो. आधी बोलू दे. विडी न्हवती कुनाची."

मग तानुबाईंनी पदर तोंडावरून बाजूला केला. "ताट माझ्या हातात व्हतं," त्या म्हणाल्या. "मलाबी म्हाईत व्हतं. समद्यांलाच म्हाईत व्हतं की."

मी बजरंगकडं बघितलं. तो विड्यांच्या पिशवीकडं बघत होता.

बोर पडला. दोनशे साठ फुटांवर पाणी लागलं, दीड इंचाची धार, निव्वळ पाणी. एरवी गावानं गुलाल उधळला असता. लोकांनी ओंजळीनं पाणी चाखलं आणि घरी गेले.

गाडीत बसल्यावर ही वही मागं उलटून वाचली. भुवया, नारळ, घंटी, पूर्णेचा माल, सोमवारचे डबे. सगळं मीच लिहिलेलं. "बैलाची असावी," म्हणे!

३१ मार्च

पाडवा काल झाला. आज अप्पा स्वतः ऑफिसात आले. मला म्हणाले, "कागदावर लिवा."

मी विचारलं, इतकी वर्षं का नाही बोललात? विचारायला नको होतं कदाचित, पण राहवलं नाही.

"पहिल्या सोमवारी सांगायलाच गेलो व्हतो दवाखान्यात. त्याला बघितलं आन जीभ उचलली न्हाई. म्हणलं, पुढच्या सोमवारी. असे समदे सोमवार गेले. गाव म्हणायचं, अप्पा, पूजेनं आग लागली म्हणलं तर देवाचं नाव जाईल, गप बसा. मला ते बरंच वाटलं, बाई. देवाआड लपायला मिळालं."

अठ्ठ्याण्णवच्या प्रोसिडिंगचं विचारलं. त्यांनी मान खाली घातली. म्हणजे वाळवी नव्हती.

३ एप्रिल

विशेष ग्रामसभा. मला वाटलं, आता सगळं उघड झालं, ठराव सहज होईल. तीन तास चालली. चंद्रभान निर्दोष, इथपर्यंत सगळे तयार. "कापूर" शब्दाला मात्र विरोध. एक जण म्हणाला, नुसतं "अपघाताने" लिहा. दुसरा म्हणाला, आरतीनं गाव पेटलं असं सरकारी वहीत राहिलं तर पुढच्या पिढ्या काय म्हणतील. गुरुजी म्हणाले, "अज्ञात कारणाने."

अप्पा उठले. "देवाचं नाव न्हाई लिवायचं. माझं लिवा."

गुरुजींनी मान डोलावली. मी लिहिलं: दिनांक, जागा, पाराकडे जाणारं वारं, उपसरपंच धोंडप्पा यांनी लावलेला कापूर, आणि मजूर चंद्रभान याच्याकडे विडी नव्हती, तो विडी ओढत नव्हता, आगीत त्याचा दोष नव्हता, गावाने सत्तावीस वर्षे खोटे सांगितले. शेवटचं वाक्य योगीराजांनी घालायला लावलं. सह्या आणि अंगठे मिळून एकशे बारा.

८ एप्रिल, मंगळवार

ठरावाची नक्कल घेऊन स्टेशनबाहेर गेले. चंद्रभाननं रिक्षातच वाचली. एकदा, मग बोट ठेवून पुन्हा. मी बाजूला उसाचा रस घेत उभी राहिले, त्याला एकटं असू द्यावं म्हणून.

मला वाटत होतं तो रडेल किंवा शिव्या देईल. त्यानं कागदाची नीट घडी घातली. "अप्पाच व्हय," म्हणाला. समोरच्या रिक्षांच्या रांगेकडं बघितलं त्यानं. "ते डबे मी किती गोडीनं खाल्ले, म्याडम."

मी रसाचा ग्लास खाली ठेवला.

"माझी माय विडीवाल्याची माय म्हनून गेली," तो म्हणाला. "हा कागद तिला कसा दावू? वहीत ठिवून काय व्हतंय? वही कोन वाचतंय? तिच्या दारात वाचा हे. ज्यानं कापूर लावला त्यानं वाचावं."

मी म्हटलं, विचारते. खरं सांगायचं तर वाटलं, अप्पांना हे झेपणार नाही. फोन केला. चंद्रभानचं म्हणणं सांगितलं. मग, "रविवारी चालंल का त्याला?"

१३ एप्रिल, रविवार

चंद्रभानच्या आईचं घर म्हणजे आता मातीच्या दोन भिंती आणि एक उंबरा. तो बायकोला घेऊन आला, रिक्षा स्वतः चालवत. इस्त्रीचा शर्ट, बाह्या मुद्दाम वर दुमडलेल्या, हात दिसेल असा. सकाळी दहाची वेळ दिली होती. लोक आले, पण लांब उभे राहिले. काही तर पार गल्लीच्या टोकाला, बोलावलं तर पटकन पुढं यावं लागू नये असे.

अप्पा उंबऱ्यासमोर उभे राहिले. चंद्रभाननं नमस्कार केला नाही, बसाही म्हणाला नाही. अप्पांनी चष्मा लावला आणि वाचायला लागले. स्वतःचं नाव आलं तिथं थांबले. महेश्वरी पाणी घेऊन पुढं झाली, त्यांनी हातानं नको म्हटलं. वाचत राहिले. विडी नव्हती. तो विडी ओढत नव्हता. गावाने खोटे सांगितले. एक ओळ दोनदा वाचली गेली.

संपलं. तानुबाई रडत होत्या. मला वाटलं, आता कुणीतरी कुणाच्या पाया पडेल, कुणी कुणाला उठवेल, आणि मग चहा होईल.

चंद्रभान सगळा वेळ उंबऱ्याकडं बघत होता. त्यानं मान वर केली, गर्दीवरून, गल्लीच्या टोकापर्यंत नजर नेली. रागावलेला वाटला नाही.

"अप्पा," तो म्हणाला, "आजून एकदा वाचा. मागच्यांला ऐकू आलं न्हाई."

गल्लीच्या टोकाची माणसं हळूहळू पुढं सरकली. ती सगळी येऊन उभी राहीपर्यंत अप्पा थांबले. मग त्यांनी घसा खाकरला आणि पहिल्या ओळीपासून, मोठ्यानं, वाचायला सुरुवात केली.